छताला लागलेली गिटार

लंडनच्या वायव्य टोकाला हॅरो अँड वील्डस्टोन नावाचं स्टेशन आहे. १९६४ साली त्याला खेटून रेल्वे हॉटेल नावाचा पब होता आणि त्याच्या हॉलमध्ये दर मंगळवारी रात्री गाण्याबजावण्याचा कार्यक्रम व्हायचा. तो चालवणाऱ्या पोरांनी खिडक्या काळ्या करून टाकल्या होत्या, नेहमीचे दिवे काढून गुलाबी बल्ब लावले होते आणि आत घुसमट व्हावी, घाम फुटावा म्हणून भर उन्हाळ्यातही हीटर चालू ठेवले होते. छत बुटकं. स्टेजवर उभं राहिलं की आणखीच बुटकं.

अशाच एका मंगळवारी पीट टाउनशेंड नावाच्या एकोणीस वर्षांच्या उंच, नाकाड्या पोराने वाजवता वाजवता गिटार झटक्यात वर उचलली आणि तिचं टोक छतात घुसलं. ओढून काढली तर गिटारचा माथाच मोडलेला. समोरचे काही जण फिस्सकन हसले. त्याला काय झालं कोण जाणे. त्याने ती अर्धमेली गिटार स्टेजवर आपटून आपटून तिचे तुकडे केले, दुसरी गिटार उचलली आणि काहीच न झाल्यासारखा पुढे वाजवायला लागला. पाय घसरून पडलेला माणूस ‘मला इथे बसायचंच होतं’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पण पुढच्या आठवड्याला लोक आले ते ‘आज मोडणार का?’ हे बघायला. त्या दिवशी टाउनशेंडऐवजी ड्रमवाल्याने लाथ घालून आपला सगळा ड्रमसेट पाडला.

हा बँड म्हणजे ‘द हू’. पुढे वाद्यं फोडणं ही त्यांची ओळख झाली, त्यावर बंडखोरी, तरुणाईचा संताप, युद्धोत्तर पिढीची घुसमट असं पुष्कळ लिहिलं गेलं. ते खोटं आहे असं नाही. पण १९५९ ते १९६५ या त्यांच्या सुरुवातीच्या काळाबद्दल वाचताना मला मात्र औद्योगिक वसाहतीतून फिरतोय असंच वाटत राहतं. पत्राकाम करणारा, गवंडी, दाराच्या मुठी बनवणारा, प्राप्तिकर खात्यातला कारकून, हनवेलचा वाद्यविक्रेता: या गोष्टीत कलावंत कमी आणि कामगार जास्त आहेत. जे बंड म्हणून आपल्याला दिसतं, ते बरंचसं ठोकून, जोडून, हप्त्यावर सामान आणून तयार केलेलं आहे.

सुरुवात रॉजर डाल्ट्रीपासून. मार्च १९४४ चा जन्म, शेफर्ड्स बुशचा पोरगा. अभ्यासात हुशार म्हणून अ‍ॅक्टन काउंटी ग्रामर स्कूलमध्ये गेला आणि तिथल्या मध्यमवर्गी पोरांत कधी रुळलाच नाही. पंधराव्या वर्षी शाळेने काढून टाकलं. मग तो पत्र्याच्या कारखान्यात लागला. गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून लाकडाचा ठोकळा तासून त्याने स्वतःच गिटार बनवली, दुकानातल्या महागड्या फेंडरवरून. १९५९ मध्ये त्याने ‘द डिटूर्स’ नावाचा बँड काढला. एक दिवस रस्त्यात त्याला शाळेतलाच जॉन एंटविसल दिसला, काखेत भली मोठी बेस गिटार. तीही घरीच बनवलेली! डाल्ट्रीने त्याला तिथल्या तिथे बँडमध्ये घेतलं. एंटविसल ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न वाजवायचा, शाळांच्या वाद्यवृंदात बसलेला होता, त्याला नोटेशन वाचता येत होतं. दिवसा तो प्राप्तिकर कार्यालयात फायली हलवायचा. बोलायचा कमी. रॉकच्या इतिहासातला सगळ्यात आडदांड बेसवादक तोच, हे तेव्हा कुणाला खरं वाटलं नसतं.

एंटविसलने आपला मित्र टाउनशेंड याला आणलं. दोघं आधी एका जॅझ बँडमध्ये होते. तिथे टाउनशेंड बँजो वाजवायचा. त्याच्या घरात संगीत मुरलेलं होतं. वडील क्लिफ हे ‘स्क्वाड्रोनेअर्स’ या हवाई दलातून निघालेल्या गाजलेल्या नृत्यवाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवत, आई गायची. पोराला मात्र आपल्या नाकाचा भयंकर न्यूनगंड होता. लोकांचं लक्ष नाकावरून उडावं म्हणूनच आपण स्टेजवर एवढे हातवारे करायला शिकलो, असं तो नंतर सांगत असे. उजवा हात पवनचक्कीसारखा गरगर फिरवून तारांवर आणण्याची त्याची लकबही उसनी आहे. रोलिंग स्टोन्सच्या एका कार्यक्रमाआधी डिटूर्स वाजवणार होते, तेव्हा पडदा उघडायच्या आधी कीथ रिचर्ड्स हात मोकळा करताना त्याला दिसला. रिचर्ड्सला नंतर ते आठवतही नव्हतं.

डिटूर्स वाजवायचे कुठे? लग्नात, कंपन्यांच्या स्नेहसंमेलनात, पबच्या मागच्या हॉलमध्ये. रविवारी दुपारी अमेरिकन सैनिकांच्या क्लबात, तिथे त्यांच्या आवडीची कंट्री गाणी. ‘बँड’ म्हटलं की आपल्याकडे वरातीतला बँड डोळ्यांपुढे येतो. तसा यांचाही सुरुवातीचा धंदा जवळपास तोच होता. यजमान सांगेल ते वाजवायचं. गाडी चालवायचा डाल्ट्री, सामान उचलायचं सगळ्यांनी, आणि मतभेद झाले तर ते डाल्ट्रीच्या मुठी मिटवायच्या. पत्र्याच्या कारखान्यात हात चांगलाच कसलेला होता.

या सगळ्यांना एक गोष्ट नशिबाने मिळाली होती. ब्रिटनमधली सक्तीची लष्करसेवा १९६० मध्ये संपली. रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं, पण हे विशीकडे झुकले तेव्हा हाताला काम होतं, पगार होता आणि सैन्याचं बोलावणं नव्हतं. त्यांच्या आधीच्या पिढीची तारुण्यातली दोन वर्षं कवायतीत गेली. यांची मोकळी राहिली. मोकळा वेळ आणि खिशात आठवड्याचा पगार एकत्र आले की काय होतं, ते लंडनने पुढच्या चार वर्षांत पाहिलं.

जे झालं त्याचं नाव मॉड. ‘मॉडर्निस्ट’चं हे छोटं रूप, कारण सुरुवातीला ही मंडळी आधुनिक जॅझची भक्त होती. कामगार आणि कारकून वर्गातली पोरं. दिवसा ऑफिसात निरोप पोचवायचे, रात्री मात्र इटालियन पद्धतीचा, तीन बटनांचा, अंगाबरोबर शिवून घेतलेला सूट. पँटचा घेर किती इंचांचा, कोटाच्या मागची चीर किती लांब, यावर तास तास चर्चा. महिन्यापूर्वी बरोबर असलेली चीर आज चुकीची. गाणी अमेरिकेतल्या काळ्या गायकांची, नाहीतर जमैकाची. रात्रभर जागायला ड्रिनामिल नावाच्या गोळ्या, ज्या डॉक्टरच्या चिठ्ठीविना बाळगणं १९६४ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. सूट मळू नये म्हणून वरून अमेरिकन लष्कराचा ढगळ पार्का, आणि बुडाखाली व्हेस्पा किंवा लँब्रेटा.

इथे मला नेहमी हसू येतं. त्याच काळात लँब्रेटा मुंबईत भांडुपला जुळत होती आणि व्हेस्पाचा परवाना घेऊन बजाज पुण्याजवळ आकुर्डीत कारखाना टाकत होता. आपल्याकडे तीच स्कूटर म्हणजे पुढे उभा राहिलेला मुलगा, मागे आडवी बसलेली आई, पायाशी भाजीची पिशवी आणि गाडी सुरू होण्यासाठी बाबांनी तिला दिलेला तो तिरका कल. तिकडच्या मॉड पोरांनी त्याच गाडीला पुढे डझनभर आरसे आणि दिवे लावले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना धडकी भरवली. मे १९६४ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॉड आणि चामडी जाकिटं घालणारे मोटारसायकलवाले रॉकर्स यांच्यात मारामाऱ्या झाल्या. त्याआधी ईस्टरला क्लॅक्टनला गडबड झाली होती. पेपरांनी असं रंगवलं की जणू देश बुडाला. वास्तवात थंडी-पावसात कंटाळलेल्या पोरांनी खुर्च्या फेकल्या, काचा फोडल्या, पळापळ केली. स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये याच प्रकरणावर पुस्तक लिहिलं. समाज एखाद्या गटाला राक्षस ठरवून स्वतःच कसा घाबरून घेतो, हे समजून घ्यायला आजही ते वाचतात.

आता या मॉड दुनियेत द हू आले कसे? खरं सांगायचं तर ते मॉड नव्हतेच. डाल्ट्रीची वळणं आदल्या दशकातल्या टेडी बॉयची, एंटविसलला काही देणंघेणं नव्हतं, आणि टाउनशेंड होता ईलिंग आर्ट कॉलेजचा विद्यार्थी. ईलिंगला त्याला दोन गोष्टी मिळाल्या. टॉम राइट नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी गांजा बाळगल्याबद्दल देशाबाहेर घालवला गेला आणि जाताना आपल्या रेकॉर्ड्सचा अख्खा साठा टाउनशेंड आणि त्याचा खोलीतला सोबती रिचर्ड बार्न्स यांच्याकडे ठेवून गेला. जिमी रीड, जॉन ली हूकर, हाउलिन वुल्फ, बो डिडली. लंडनमध्ये शोधून सापडणार नाही असा खजिना. दुसरी गोष्ट म्हणजे गुस्टाव मेट्झगर यांचं व्याख्यान. मेट्झगर न्यूरेंबर्गमध्ये जन्मलेले ज्यू. १९३९ मध्ये लहान मुलांना जर्मनीतून सोडवून आणणाऱ्या मोहिमेत ते ब्रिटनला आले, आईवडील मारले गेले. जी कला स्वतःलाच नष्ट करते तीच या युगाची कला, असं ते मांडत. ताणून बसवलेल्या नायलॉनवर आम्ल फवारून ते विरघळताना दाखवत. टाउनशेंड पुढे गिटारफोडीचं श्रेय मेट्झगरना देत असे. मला हे तत्त्वज्ञान नंतर चिकटवलेलं वाटतं. आधी छत लागलं, मग हसू झालं, मग राग आला. मेट्झगर आठवले ते तुकडे गोळा करताना. पण आठवायला ते मनात होते, हेही खरं. नाहीतर दुसरा एखादा मान खाली घालून घरी गेला असता.

नावाची गोष्ट बार्न्सचीच. १९६४ च्या सुरुवातीला टीव्हीवर दुसराच एक ‘डिटूर्स’ दिसला, म्हणून नवं नाव शोधायला ही दोघं खोलीवर बसली. टाउनशेंडला ‘द हेअर’ हवं होतं, बार्न्सने ‘द हू’ सुचवलं. निवेदक म्हणणार, ‘आता येत आहेत द हू’, आणि मागून कुणीतरी विचारणार, ‘कोण?’ एवढा पोरकट विनोद त्यामागे होता. दुसऱ्या दिवशी डाल्ट्री न्यायला आला आणि वाद न घालता म्हणाला, ‘द हू’च.

ड्रमवर तेव्हा डग सँडम होता. गवंडी, लग्न झालेला, टाउनशेंडपेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठा. फॉन्टाना या रेकॉर्ड कंपनीच्या चाचणीत तिथल्या माणसाला ड्रम आवडले नाहीत आणि टाउनशेंडने सगळ्यांदेखत सँडमवर तोंडसुख घेतलं. सँडम बाजूला झाला. या गोष्टीत ज्याच्याबद्दल वाईट वाटावं असा तोच एक माणूस आहे. एवढ्या जवळून भाग्याची गाडी निघून जावी आणि आपण परत विटा रचायला जावं.

त्यानंतर ग्रीनफर्डच्या ओल्डफील्ड हॉटेलात एक बदली ड्रमर घेऊन ते वाजवत असताना एक पोरगा पुढे आला. केस रंगवून लालसर केलेले, कपडेही त्याच रंगाचे. तुमच्या ड्रमरपेक्षा मी बरा वाजवतो, असं म्हणाला. बसवला त्याला. एका गाण्यात त्याने ड्रमचं पेडल मोडलं. हा कीथ मून, वय सतरा, आधी बीचकोंबर्स नावाच्या बँडमध्ये समुद्रकिनाऱ्याची गोड अमेरिकन गाणी वाजवणारा. पुढच्या सोमवारी काय करतोयस, एवढंच त्याला विचारलं गेलं. ‘तुला घेतलं’ असं मला कुणी कधी सांगितलंच नाही, असं तो पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिला.

मूनमुळे बँडची रचनाच फिरली. एरवी ड्रमर ताल धरतो, बेस त्याला साथ देतो, गिटार वर नाचते. मून ताल धरायचाच नाही. तो गायकाच्या ओळीवर वाजवायचा, शब्द संपले की सगळे ड्रम एकदम कोसळायचे. मग ताल धरायचा कुणी? ते काम टाउनशेंडच्या गिटारवर येऊन पडलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत एंटविसलचा बेस सुरावट वाजवायला लागला. तबला सारंगीसारखा गायला लागावा आणि ठेका तानपुऱ्याला धरावा लागावा, अशी ही उलटापालट. कुणी ठरवून केली नाही. एकाने आपलं काम केलं नाही म्हणून बाकीच्यांनी ते वाटून घेतलं.

आता पैशाची बाजू. त्यांचा पहिला व्यवस्थापक हेल्मुट गॉर्डन हा दाराच्या पितळी मुठी बनवणारा कारखानदार. बीटल्सच्या व्यवस्थापकाला मिळतंय ते आपल्यालाही मिळेल, एवढंच त्याचं संगीतज्ञान. त्याने प्रसिद्धीसाठी पीट मीडन नावाचा तरुण आणला आणि मीडन हा मात्र अस्सल, कट्टर मॉड. त्याला बँडपेक्षा त्याचा प्रेक्षक दिसला होता: हजारो मॉड आहेत, पण त्यांचा स्वतःचा बँड नाही. त्याने चौघांचे केस कापून घेतले, दुकानांत नेऊन कपडे घेतले आणि नावही बदललं, ‘द हाय नंबर्स’. मॉड भाषेत ‘फेस’ म्हणजे पुढारी, ज्याच्या कपड्यांची बाकीचे नक्कल करतात. ‘नंबर’ म्हणजे त्याच्या मागे चालणारा. बाहेरच्याला मात्र हे नाव हाउझीच्या खेळासारखं ऐकू येतं. जुलै १९६४ मध्ये ‘आय अ‍ॅम द फेस’ ही रेकॉर्ड निघाली. चाल स्लिम हार्पो या अमेरिकन ब्लूज गायकाची, शब्द मीडनचे, सगळे मॉड बोलीतले. रेकॉर्ड पडली. धर्मांतरितांनी लिहिलेल्या स्तोत्रासारखं ते गाणं फार शुद्ध झालं होतं.

त्याच महिन्यात रेल्वे हॉटेलबाहेर उभ्या स्कूटरींची रांग बघून किट लँबर्ट आत शिरला. लँबर्ट आणि क्रिस स्टँप हे शेपरटन स्टुडिओत काम करणारे दोन सहायक दिग्दर्शक. यांना बँड नको होता; एका अनोळखी बँडवर फिल्म करून स्वतः दिग्दर्शक व्हायचं होतं. लँबर्ट म्हणजे संगीतकार कॉन्स्टंट लँबर्ट यांचा मुलगा, ऑक्सफर्डला शिकलेला, ब्राझीलच्या जंगलातल्या एका मोहिमेवर जाऊन आलेला, जिथे त्याचा मित्र आदिवासींच्या बाणांनी मेला. स्टँप थेम्स नदीवरच्या टगबोटीत काम करणाऱ्याचा मुलगा आणि नट टेरेन्स स्टँपचा भाऊ. एकाचं इंग्रजी राजवाड्याचं, दुसऱ्याचं गोदीचं. दोघांनाही रेकॉर्डच्या धंद्यातलं काडीचं कळत नव्हतं. त्यांनी वकिलाला गॉर्डनचा करार दाखवला. पोरं कायद्याने अज्ञान होती आणि टाउनशेंडच्या आईवडिलांनी सही केलेली नव्हती, म्हणून करार निकालात निघाला. दोघांनी चौघांना वर्षाला हजार पौंड पगार कबूल केला. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. नाव परत ‘द हू’ झालं.

या टप्प्यावर जरा आवाजाबद्दल बोलायला हवं, कारण द हूचं सगळं वेगळेपण त्यात आहे आणि त्याची सुरुवात एका दुकानात होते. हनवेलच्या अक्सब्रिज रोडवर जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. मार्शल मूळचे ड्रम शिकवणारे. १९६० मध्ये दुकान काढलं. पोरांना अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर हवे असत, ते महाग, म्हणून मार्शल आणि त्यांच्या कारागिरांनी अमेरिकन फेंडरवरून स्वतःचा अ‍ॅम्प तयार केला. एंटविसलने त्यांच्याकडून चार स्पीकरांची मोठी पेटी घेतली. बेस ऐकू आला, टाउनशेंड ऐकू येईना. मग त्यानेही घेतली. मग एंटविसलने आणखी मोठी. असं करत करत टाउनशेंडने मार्शलकडे शंभर वॉटचा अ‍ॅम्प आणि आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली. ती इतकी जड झाली की उचलणाऱ्या पोरांची कंबर मोडायला लागली. शेवटी तिचे दोन भाग केले: चार स्पीकरांच्या दोन पेट्या, एकावर एक, वर अ‍ॅम्प. आज कुठल्याही रॉक कार्यक्रमात मागे उभी असलेली ती काळी भिंत दिसते, ती या हमालीच्या अडचणीतून आली आहे.

आणि फीडबॅक. गणेशोत्सवाच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की कान फाडणारी शिट्टी वाजते, कार्यकर्ता धावत जाऊन आवाज कमी करतो. त्यात घडतं असं: स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा माईकमध्ये. हे चक्र क्षणात शेकडो वेळा फिरतं. इलेक्ट्रिक गिटारमध्येही तेच. स्पीकरच्या धक्क्याने तारा हलतात, तारांखालचे चुंबकीय पिकअप तो कंप उचलतात, तो मोठा होऊन बाहेर येतो आणि तारांना पुन्हा हलवतो. टाउनशेंडने आपला स्पीकर जमिनीवरून उचलून गिटारच्या उंचीवर ठेवला, तेव्हा त्याची रिकनबॅकर आपोआप घुमायला लागली. ती गिटार आतून पोकळ, त्यामुळे सहज पेट घेणारी. बाकीच्यांना ही बिघाडाची खूण वाटायची. त्याने ती वाजवायला घेतली: स्पीकरजवळ गेलं की सूर चढतो, कोन बदलला की दुसरा सूर फुटतो, बटणाने तोडता येतो, जोडता येतो. आपल्या मांडवातला कार्यकर्ता ज्याला मारायला धावतो, त्याला या माणसाने हाताशी धरलं.

याच माणसाबद्दल नगरकरांना एक वेगळीच गोष्ट माहीत असते. नगर–दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे, पुण्यात जन्मलेल्या मेहेर बाबांची समाधी. साठच्या दशकाच्या शेवटी टाउनशेंड बाबांचा भक्त झाला, १९७२ मध्ये तो मेहेराबादला येऊन गेला आणि द हूच्या एका सुप्रसिद्ध गाण्याच्या नावात ‘बाबा’ आहेत ते हेच. मेहेर बाबांनी १९२५ मध्ये मौन धरलं ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. १९७६ मध्ये जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकाने ज्याची नोंद केली, त्याच्या गिटारवाल्याला गुरू मिळाला तो हा. त्याचे कान तेव्हा जायला लागलेच होते.

१९६४ च्या शेवटी परत येऊ. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्यांना नाकारलं. नोव्हेंबरात सोहोमधल्या मार्की क्लबने मंगळवारची रात्र दिली, कारण मंगळवारी तिथे तसंही कुणी फिरकत नसे. लँबर्टने काळ्या रंगाचं पोस्टर छापलं: टाउनशेंडचा हात हवेत, नावातल्या ‘ओ’ अक्षराला वर जाणारा बाण आणि खाली दोनच शब्द, ‘मॅक्झिमम आर अँड बी’. पहिल्या रात्री गर्दी तुटपुंजी होती. काही आठवड्यांत रांगा लागल्या.

रेकॉर्डिंगसाठी मिळाला शेल टॅल्मी, लंडनमध्ये काम करणारा अमेरिकन निर्माता, ज्याने किंक्स या बँडचं पहिलं हिट गाणं केलं होतं. टाउनशेंडने त्याला आवडावं म्हणून मुद्दाम किंक्सच्या वळणावर ‘आय कान्ट एक्स्प्लेन’ लिहिलं. टॅल्मीला भरवसा नव्हता; त्याने कोरसला दुसरे गायक आणले आणि गिटारला आधार म्हणून विशीतला जिमी पेज हाताशी ठेवला. जानेवारी १९६५ मध्ये रेकॉर्ड आली. महिनाअखेरीस ‘रेडी स्टेडी गो!’ या शुक्रवारच्या टीव्ही कार्यक्रमात बँड दिसला, तेव्हा स्टुडिओतले प्रेक्षक बहुतांशी लँबर्टने गोळा करून, गळ्यात द हूचे मफलर घालून पाठवलेले होते. आपल्या एकांकिका स्पर्धांना ही युक्ती नवी नाही. गाणं आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. टॅल्मीच्या करारात बँडला अडीच टक्के. त्याची किंमत त्यांनी पुढे कोर्टात मोजली.

मे महिन्यातल्या दुसऱ्या गाण्यात मधोमध नुसता फीडबॅक होता. अमेरिकेतल्या डेक्का कंपनीने टेप खराब झालीय समजून परत पाठवली, असं सांगतात.

ऑक्टोबरात ‘माय जनरेशन’. त्यातलं डाल्ट्रीचं तोतरं गाणं कुठून आलं याच्या अनेक कथा आहेत: हूकरच्या एका तोतऱ्या ब्लूजवरून, गोळ्या खाल्लेल्या मॉडच्या अडखळत्या बोलण्यावरून, थंड स्टुडिओत कागद नीट वाचता न आल्यामुळे. तोतऱ्यांचा अपमान होईल म्हणून बीबीसीने आधी ते लावलंच नाही. गाणं वर चढलं तसा विचार बदलला. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

मला त्या गाण्यात आवडतो तो एंटविसलचा बेस. गिटारच्या जागी चक्क बेसचा एकल भाग, आणि तोही तिखट, घरंगळत खाली येणारा. त्यासाठी त्याने डॅनइलेक्ट्रो नावाची स्वस्त अमेरिकन बेस गिटार घेतली होती, कारण तिच्या तारा बारीक आणि खणखणीत. पण त्या तुटायच्या, आणि सुट्या तारा इंग्लंडमध्ये मिळतच नव्हत्या. मग पठ्ठ्याने तारांसाठी अख्खी नवी गिटार घेतली. तीही तुटली. तिसरी घेतली. शेवटी दुकानातल्याही संपल्या आणि त्याने फेंडरवर वेगळ्या तारा चढवून भाग रेकॉर्ड केला. ही त्याचीच सांगितलेली हकिकत. करखात्यात काम केलेल्या माणसाने हा हिशोब कसा मांडला असेल?

हिशोब तर सगळ्यांचाच फाटका होता. फुटलेल्या गिटारी, फाटलेले स्पीकर, मार्शलच्या दुकानाचे हप्ते. मोडलेल्या गिटारी टाउनशेंड रात्री गोंदाने चिकटवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोडायचा. सूटही हप्त्यावर, अ‍ॅम्पही. लँबर्टचे चेक परत येत. गाजत असलेला बँड दिवसेंदिवस जास्त कर्जात चालला होता.

आणि मारामाऱ्या. बाकी तिघं गोळ्यांवर, डाल्ट्री नाही. गोळ्यांनी त्याचा गळा बसायचा. सप्टेंबर १९६५ मध्ये डेन्मार्कच्या दौऱ्यात त्याने मूनच्या गोळ्या संडासात ओतल्या आणि मून अंगावर आला तेव्हा त्याला बदडून काढलं. बँड ज्याने उभा केला त्यालाच तिघांनी काढून टाकलं. पण तेवढ्यात ‘माय जनरेशन’ वर चढायला लागलं आणि गाणाऱ्यालाच घालवणं कुणाला परवडणारं नव्हतं. यापुढे हात उचलणार नाही, या अटीवर डाल्ट्री परत आला. त्याने शब्द पाळला, म्हणजे साधारण पाळला.

डिसेंबरात पहिली पूर्ण रेकॉर्ड निघाली. मुखपृष्ठाचं छायाचित्र लंडनच्या सरे डॉक्स गोदीत, उंचावरून काढलेलं. चौघं तेलाच्या पिंपांशेजारी उभे राहून मान वर करून कॅमेऱ्याकडे बघताहेत. प्राप्तिकर खात्यातून आलेल्या एंटविसलच्या खांद्यावर ब्रिटनच्या झेंड्याचं जाकीट आहे. झेंड्याचं कापड कापून कोट शिवायला बऱ्याच शिंप्यांनी नकार दिला होता.